दम कबड्डीचा आणि दम सनईचा

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात 'क्रीडा' असा एक रकाना असतो आणि त्याच्या शेजारी 'कला' असा दुसरा. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्या रकान्यात 'कबड्डी, बासरी' असे लिहिले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बासरी हा खेळ कधीपासून झाला?" मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी 'बासरी'वर काट मारली आणि तिला शेजारच्या रकान्यात नेऊन बसवले. मागे रांग मोठी होती, तेव्हा मी गप्प राहिलो. त्या दिवशी ओठांवर येऊन राहिलेले उत्तर आज या अंकातून देत आहे.

आपल्याकडे व्यायाम म्हटला की डोळ्यांपुढे दंड-बैठका, धावपट्टी आणि घाम उभा राहतो. घाम आला नाही तर तो व्यायाम कसला, असे आपण सगळेच मानतो. हे मानणे अगदीच चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. पण शरीराचे एक काम असे आहे की जे जन्मल्यापासून मरेपर्यंत एक क्षणही थांबत नाही आणि ज्याला आपण कधीही तालमीत पाठवत नाही. ते काम म्हणजे श्वास. वाऱ्यावर वाजणारी वाद्ये, म्हणजे बासरी, सनई, तुतारी, क्लॅरिनेट, ट्रंपेट, ही श्वासाची तालीम आहेत, असा माझा दावा आहे. दावा तेवढाच आहे. तो किती खरा आणि कुठे थांबतो, हे दोन्ही सांगावे म्हणून हा लेखप्रपंच.

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका पैजेमुळे. माझे आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गावच्या देवळात आणि पंचक्रोशीतल्या लग्नकार्यांत आयुष्यभर सनई वाजवत आले. वय सत्तरीच्या पुढचे, अंगकाठी बारीक, शंभर पावले चालले की गुडघे धरून बसणार. मी तेव्हा शाळेच्या कबड्डी संघात चढाई करणारा गडी होतो आणि त्याचा तोराही भरपूर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा ओसरीवर बसून मी आपल्या चढायांच्या बढाया मारत होतो. आबा म्हणाले, "अरं, त्या पायांचं ऱ्हाऊ दे. दम किती हाय त्ये बघू."

पैज अशी ठरली, की मी एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचे आणि आबांनी एका दमात एकच सूर धरायचा. चुलतभाऊ मोबाईल हातात घेऊन सेकंद मोजायला बसला. माझा दम २८व्या सेकंदाला तुटला. आबांचा सूर ४० सेकंदांच्या पुढे गेला आणि तोही शेवटी न थरथरता थांबला. एवढ्यावर भागले नाही. त्यांनी पुन्हा सनई ओठांना लावली आणि दोन मिनिटे झाली तरी सूर थांबेचना. मी वाकून पाहिले, तर गाल फुगलेले आणि नाकपुड्या मात्र हलत होत्या.

"आबा, ही लबाडी झाली. तुम्ही नाकानं श्वास घेताय!"

"लबाडी न्हवं. ह्याला सनई वाजवणं म्हणत्यात. अक्षता पडायच्या टायमाला सूर तुटला तर मांडवातलं लोक काय म्हणतील?"

मी हरलो, पण एक प्रश्न मनात राहिला. ज्या माणसाला देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत त्याने दमाच्या बाबतीत चढाई करणाऱ्या पोराला हरवावे, हे कसे? आणि मग 'तंदुरुस्त' म्हणायचे कोणाला?

उत्तर शोधायला मी जीवशास्त्राच्या पुस्तकाकडे वळलो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो आणि दर वेळी जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. वास्तविक निरोगी तरुणाने छाती पूर्ण भरून पूर्ण रिकामी केली तर चार-साडेचार लिटर हवा हलू शकते. म्हणजे आपण आपल्या घराच्या एकाच खोलीत राहतो आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप लावून ठेवतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. श्वास आत घेताना श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू काम करतात. पण स्वस्थपणे श्वास बाहेर सोडताना जवळजवळ कोणालाच काम पडत नाही. ताणलेला रबर सोडून द्यावा तशी फुप्फुसे आपोआप आकसतात आणि हवा निघून जाते.

वाद्य वाजवणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याला श्वास पाव-अर्ध्या सेकंदात भरून घ्यायचा असतो आणि दहा-पंधरा सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ, एकसारख्या दाबाने सोडायचा असतो. छाती भरलेली असताना हवा धबधब्यासारखी बाहेर पडू पाहते. तेव्हा बरगड्या उचलून धरणारे स्नायू तिला लगाम घालतात. छाती रिकामी होत आली की दाब पडू लागतो. तेव्हा पोटाचे स्नायू खालून रेटा देतात. ओढणारे आणि ढकलणारे असे दोन्ही गडी एकाच वेळी दोर धरून उभे असतात, म्हणून सूर सरळ राहतो. गवई ज्याला दमसास म्हणतात तो हाच. आबांच्या गुडघ्यांची तालीम केव्हाच सुटली होती. या स्नायूंची तालीम मात्र पन्नास वर्षे एक दिवसही चुकली नव्हती.

नाकाने श्वास घेत सूर चालू ठेवण्याची युक्तीही स्नायूंच्याच शिस्तीची आहे. गालांत थोडी हवा साठवायची, ती गालांच्या दाबाने वाद्यात सोडायची आणि तेवढ्या क्षणात नाकाने छाती भरून घ्यायची. ऐकायला सोपे आहे. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घेऊन पाहा. पहिल्या दिवशी पाणी नाकात जाते, हे अनुभवाने सांगतो.

आता कबड्डीकडे या. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात पाय पळत असतात, डोळे सात जणांवर असतात आणि तोंडातला जप तुटता कामा नये. थोडी थोडी हवा मोजून खर्च करणे हे चढाई करणाऱ्याचे अर्धे काम आहे. जुनी माणसे हुतूतूच्या वेळी 'दम धरणे' हा शब्द वापरत, तो काही उगाच नव्हे. म्हणजे एकच गुण मैदानावर दिसला की त्याला पदक, आणि मांडवात दिसला की त्याला बिदागी!

पैज हरल्यानंतर मी अकरावीत असताना बासरी शिकायला लागलो. आबांची सनई माझ्या ओठांना जुमानली नाही. पहिले पंधरा दिवस बासरीतून सूर कमी आणि वाफच जास्त निघत होती. शिवाय दर पाच मिनिटांनी डोके गरगरायचे. घरच्यांना वाटले, पोराला अशक्तपणा आला. कारण साधे होते. सूर निघत नाही म्हणून मी भसाभस श्वास घेत आणि सोडत होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होत होता आणि चक्कर येत होती. गुरुजी म्हणाले, "जोर लावू नकोस, हवा वाचव." हळूहळू चक्कर थांबली, आणि ज्या दिवशी ती थांबली त्या आठवड्यात पहिला सूर सलग लागला.

आज चार वर्षांनी माझी छाती फुगली आहे काय? मुळीच नाही. सदऱ्याचे माप तेच आहे. वाजवणाऱ्यांची फुप्फुसे इतरांहून मोठी असतात असे अनेकजण ठामपणे सांगतात. पण शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजमापांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि मोठ्या माणसाची फुप्फुसे फुंकून वाढतात असे मानायला आधार नाही. माझ्यात फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी. पूर्वी चढाईच्या मध्यावर मी कासावीस व्हायचो, आता होत नाही. दम वाढलेला नाही, त्याची उधळपट्टी थांबली आहे. पाठ वाकवून बसलो की सूर दबतो, म्हणून वाचनालयातही आपोआप ताठ बसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधड झाली तर एक लांब सूर मनातल्या मनात धरतो, आणि श्वास संथ झाला की धडधडही उतरते.

येथे माझे कबड्डीपटू मित्र मिशीतल्या मिशीत हसत असतील आणि म्हणतील, "मग काय, उद्यापासून मैदानाला कुलूप लावून सगळ्यांना पिपाण्या वाटायच्या?" त्यांना आधीच सांगतो, की असे करू नका. शरीर किती शक्ती खर्च करते याची मोजणी झालेली आहे. बसून बासरी वाजवताना विश्रांतीच्या सुमारे दुप्पट शक्ती लागते. जरा झपाझप चालायला साडेतीनपट, आणि तासाला दहा किलोमीटर वेगाने धावायला जवळजवळ दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. त्या हिशेबात बसून वाजवलेली बासरी धरता येत नाही. वाजवत वाजवत संचलन करणारे बँडपथक मात्र त्यात खुशाल बसते. तात्पर्य, बासरीने पोट उतरणार नाही आणि पायही बळकट होणार नाहीत. आबांचे गुडघे याला साक्ष आहेत.

पण मग तिचा औषधी उपयोग काहीच नाही काय? याबाबत स्वित्झर्लंडमधला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजरीडू नावाचे एक लांबलचक लाकडी वाद्य आहे. तेही गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत अखंड फुंकायचे असते. झोपेत घशाचा मार्ग सैल पडून श्वास अडतो आणि माणूस घोरतो, अशा विकाराच्या २५ जणांना झुरिकच्या संशोधकांनी घेतले. त्यांतल्या काहींना चार महिने हे वाद्य शिकवले, उरलेल्यांना शिकवले नाही. शिकणारे आठवड्यातले सुमारे सहा दिवस, दिवसाला साधारण २५ मिनिटे वाजवत होते. अखेरीस त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली, झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण घटले आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनाही सुख लागले. हे संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००५ च्या अखेरीस प्रसिद्ध केले. पुढे २०१७ साली त्याला आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले, तेही शांततेचे! २५ माणसांवरून जगाचा कायदा ठरत नाही, हे खरे. पण फुंकण्याने घशाचे आणि जिभेमागचे स्नायू कमावले जातात, ही गोष्ट त्यातून पुढे आली. वसतिगृहातल्या काही मित्रांना हे वाद्य भेट द्यावे असे माझ्या फार मनात आहे.

उलट बाजूने पाहिले तर वाद्यालाही शरीराची गरज असते, हे आपल्याच संगीताचा इतिहास सांगतो. बासरीला मैफिलीत मानाची जागा मिळवून देणारे पन्नालाल घोष (१९११-१९६०) तरुणपणी व्यायाम, लाठी आणि मुष्टियुद्ध यांत तरबेज होते. सुमारे ३२ इंचांची लांब बासरी त्यांनी रूढ केली. तिच्यात खर्जाचे सूर भरायला कसलेली छाती हवीच. हरिप्रसाद चौरसिया १९३८ साली अलाहाबादला पहिलवानाच्या घरी जन्मले. वडिलांना मुलगा कुस्तीत यावा असे वाटे आणि मुलगा आखाड्यात जातही असे. त्या मेहनतीचा उपयोग पुढे बासरीला झाला, असे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. आखाडा आणि बासरी यांच्यामध्ये त्यांच्या घरी रेघ नव्हती; ती आपल्या अर्जात आहे.

मात्र यावरून कोणी दीर्घायुष्याचा सिद्धांत काढू नये. बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६चा, मृत्यू २००६चा. नव्वद वर्षांचे आयुष्य. पन्नालालजी मात्र अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच गेले. वाद्य आयुष्य मोजून देत नाही.

दोन धोकेही सांगून टाकतो, म्हणजे एकतर्फी लिहिल्याचा ठपका नको. अरुंद तोंडाच्या वाद्यांत जोराने फुंकताना डोळ्यांच्या आतला दाब तेवढ्यापुरता वाढतो. काचबिंदूचा विकार असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच वाद्य हाती घ्यावे. आणि वाद्य स्वच्छ ठेवावे. इंग्लंडमध्ये रोज बॅगपाइप वाजवणाऱ्या एका गृहस्थांच्या वाद्यात बुरशी साठली होती. तिने त्यांच्या फुप्फुसांना विकार झाल्याचे आणि त्यातच त्यांचा अंत झाल्याचे डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. आबा वाजवून झाल्यावर सनई फडक्याने पुसून, वाळवून, मगच पिशवीत ठेवत. पत्ती वेगळी, सनई वेगळी. आम्हा पोरांना तो सोपस्कार वाटायचा.

आता मूळ मुद्दा. आपल्या जिमखान्याला कबड्डीचे मैदान आहे, व्यायामशाळा आहे, याचा मला अभिमान आहे. माझी मागणी एवढीच, की आठवड्यातून तीन दिवस सकाळी वीस मिनिटे श्वासाची तालीम म्हणून बासरीचा वर्ग जिमखान्याच्याच वतीने सुरू करावा. कबड्डीपटू, जलतरणपटू, एनसीसीचे छात्र, वक्तृत्व आणि नाटकवाले, कोणीही यावे. बांबूची शिकाऊ बासरी बुटांच्या एका जोडीहून पुष्कळ स्वस्त येते. हा वर्ग धावण्याऐवजी नको, धावण्याच्या जोडीला हवा. कला आणि शास्त्र, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यात कडक भिंती नसाव्यात असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. मग एका अर्जातली एक रेघ पुसायला हरकत काय? गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली; न वाजली तरी वीस मिनिटांचे स्वच्छ श्वास कुठे जात नाहीत.

आणि शिकवायला बोलवायचे कोणाला, याचेही उत्तर माझ्याजवळ आहे. आपल्या तालुक्यात आजही सनई वाजवणारी दहा-पाच घरे सहज सापडतील. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून ते दारात बसतात. त्यांच्या फुंकीवर सगळे मंगल होते, आणि पंगतीत त्यांचे पान शेवटी मांडले जाते. दिवसभर छाती आणि पोट राबवणाऱ्या या माणसाने अंगमेहनत केली असे कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्या हातावर ठेवतात ती मजुरी नसते, 'खुशी' असते. आता तर तीही गेली. मोबाईलमधली सनई ध्वनिवर्धकाला जोडली की काम भागते. तिला भूक लागत नाही, दम लागत नाही, बिदागीही लागत नाही. गेल्या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनाच्या दारात जी सनई वाजत होती ती अशीच होती. त्या दिवशी आबा पाहुणे म्हणून आले होते. दाराशी क्षणभर थांबून त्यांनी ऐकले आणि मला विचारले, "वाजवणारा कुठं बसलाय?" मी ध्वनिवर्धकाकडे बोट दाखवले. ते काही बोलले नाहीत.

प्राचार्य महोदय आणि जिमखाना समिती यांना विनंती आहे, की यंदा त्या दारात एक जिवंत माणूस बसवावा. पहिल्या पंगतीत त्याचे पान मांडावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच मैदानावर बोलावून आमच्या कबड्डी संघाला श्वास कसा धरायचा आणि कसा सोडायचा ते शिकवायला सांगावे, रीतसर मानधन देऊन. पहिली पैज लावायला मी तयार आहे. हरणार कोण, हे मला आधीच ठाऊक आहे.